सास्तूर परिसरातील भूकंपोत्तर मानसिक आधार ते ऑनलाइन समुपदेशन : एक ऐतिहासिक अभ्यास (१९९३ नंतर)

सारांश

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या सास्तूर परिसराचा इतिहास प्रामुख्याने घरबांधणी आणि पुनर्वसन यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. प्रस्तुत लेखात त्याच इतिहासाकडे मानसिक आधाराच्या दृष्टीने पाहिले आहे. आपत्ती, स्थलांतर, वैधव्य, शेतीचे संकट, शिक्षणासाठी घर सोडणे अशा जीवनातील स्थित्यंतरांच्या वेळी येथील माणसांचे ऐकून घेणारे कोण होते, ते किती काळ टिकले आणि २०१२ नंतर विस्तारलेल्या दूरध्वनी व ऑनलाइन समुपदेशनाने त्यात कोणता बदल झाला, याचा मागोवा येथे घेतला आहे. समुपदेशक व व्यक्ती यांच्यातील भौगोलिक अंतरापेक्षा ऐकण्यातील खंड हीच या भागाची खरी अडचण राहिली आहे, असे प्रतिपादन या लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : सास्तूर, भूकंप, पुनर्वसन, समुपदेशन, दूरस्थ सेवा, स्थित्यंतर, सातत्य.

प्रस्तावना

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील सास्तूर हे गाव भूकंपाच्या वेळी उमरगा तालुक्यात होते. पुढे ते नव्याने झालेल्या लोहारा तालुक्यात समाविष्ट झाले. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर ही नावे भूकंपाच्या संदर्भात नेहमी जोडीने येतात. तथापि वृत्तपत्रांतून व ग्रंथांतून ‘किल्लारीचा भूकंप’ हेच नाव रूढ झाले आणि सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी या गावांचे दुःख काहीसे त्या नावाच्या सावलीत राहिले.

आज ताणतणाव आणि जीवनातील बदल यांसाठी अनुभवी समुपदेशकाची मदत दूरध्वनीवर अथवा संगणकाच्या पडद्यावर मिळू शकते. ही सोय महानगरांतील सुशिक्षितांसाठी आहे, असा समज महाविद्यालयीन वर्तुळातही आढळतो. वास्तविक तिची सर्वाधिक आवश्यकता जेथे मानसोपचारतज्ज्ञ सहजी पोहोचत नाही, अशा गावांनाच आहे. म्हणूनच या सोयीचा विचार सास्तूरसारख्या गावाच्या इतिहासाच्या पार्श्वभूमीवर होणे इष्ट ठरते.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) भूकंपोत्तर काळात सास्तूर परिसरात मानसिक आधाराचे कोणते प्रयत्न झाले, हे पाहणे.
२) दूरस्थ समुपदेशनाची मराठी समाजातील पूर्वपीठिका तपासणे.
३) ऑनलाइन समुपदेशनाची या परिसराच्या संदर्भातील उपयुक्तता व मर्यादा मांडणे.

सांत्वनाची परंपरा आणि १९९३ चा आघात

‘समुपदेशन’ हा शब्द ग्रामीण बोलीत अलीकडचा आहे. त्याआधी गावाकडे ‘धीर देणे’, ‘समजूत घालणे’, ‘भेटायला जाणे’ असे शब्दप्रयोग होते व आजही आहेत. मृत्यू झालेल्या घरी सोयरे येतात, शेजारी स्वयंपाक करून आणतात, दहाव्या-तेराव्या दिवसापर्यंत घर माणसांनी भरलेले असते. दुःख एकट्याने सोसावे लागू नये, अशी ही पिढ्यान्‌पिढ्यांची व्यवस्था आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपाने ही व्यवस्थाच मोडून टाकली. आदल्या रात्री गणेश विसर्जन आटोपून लोक झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीचे जड माळवद असलेली घरे झोपेतल्या माणसांवर कोसळली. मृतांची अधिकृत संख्या सुमारे ८ हजार सांगितली जाते. इतरत्र ती १० हजारांच्या जवळपास दिली जाते. दख्खनचा पठारी प्रदेश भूकंपाच्या दृष्टीने स्थिर आहे, असे तोवर सामान्यतः मानले जात असल्याने या आपत्तीची कोणतीही पूर्वतयारी लोकांच्या मनातही नव्हती.

येथे एक बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. या भागातील सोयरिकी बहुधा आसपासच्या गावांतच होत असत. त्यामुळे सास्तूरच्या घरी सांत्वनाला यावयाचे ते सोयरे स्वतःच आपल्या गावी ढिगारे उपसत होते. मृतांवर सामुदायिक अंत्यसंस्कार करावे लागले. अनेकांच्या वाट्याला नित्याचे विधीही आले नाहीत. ज्याने धीर द्यावयाचा तोच धीर हरवून बसलेला, अशी स्थिती एकाच वेळी डझनावारी गावांत निर्माण झाली. बाहेरून येणाऱ्या मानसिक आधाराची आवश्यकता या भागात निर्माण झाली ती अशी.

तज्ज्ञांचे आगमन

भारतात राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये सुरू झाला होता. परंतु जिल्हा पातळीवरील मानसिक आरोग्य कार्यक्रमास १९९६ मध्ये प्रारंभ झाला. म्हणजे १९९३ मध्ये भूकंपग्रस्त गावांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी अशी कोणतीही नियमित यंत्रणा उभी नव्हती. १९८४ च्या भोपाळ वायुदुर्घटनेनंतर आपत्तिग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा विचार देशात सुरू झाला होता. तो अनुभव तेवढा हाताशी होता.

भूकंपानंतर सुमारे महिन्याभराने ४२ बचावलेल्या व्यक्तींची तपासणी करून तयार केलेला एक प्राथमिक अहवाल १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ५९ टक्के व्यक्तींमध्ये निदान करण्याजोगा मानसिक विकार आढळला. आघातोत्तर ताण आणि नैराश्य हे त्यांतील प्रमुख होते. नमुना लहान असला तरी या अहवालाने एक गोष्ट नोंदीवर आणली. जे शरीराने वाचले होते, तेही सुखरूप नव्हते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेनेही भूकंपग्रस्त भागात मानसिक आरोग्याविषयी प्रदीर्घ काम केले. प्रसिद्ध अभिनेते म्हणून महाराष्ट्राला परिचित असलेले मानसोपचारतज्ज्ञ डॉ. मोहन आगाशे यांचा या कामात पुढाकार होता.

या प्रयत्नांचे मोल मोठे आहे. मात्र संशोधन प्रकल्पाला मुदत असते. प्रश्नावली पूर्ण झाली, अहवाल सादर झाला, की पथक परत जाते. ज्याच्यापाशी मन मोकळे केले तो माणूस निघून जाणे, हा आधीच माणसे गमावलेल्या व्यक्तीसाठी आणखी एक वियोगच ठरतो.

पुनर्वसन : घरे आणि माणसे

जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने १९९४ पासून महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रम राबविण्यात आला. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. अन्य गावांत जागेवरच पुनर्बांधणी, दुरुस्ती व मजबुतीकरण झाले. सुरक्षित निवाऱ्याच्या दृष्टीने हे कार्य देशातील मोठ्या पुनर्वसन प्रयत्नांपैकी एक होय. आरोग्यसेवेची भरही पडली. सास्तूर येथे भूकंपानंतर उभे राहिलेले ‘स्पर्श’ रुग्णालय परिसराचा आधार बनले.

तथापि नव्या गावांची आखणी सरळ रेषांत व रुंद रस्त्यांनी झाली. जुन्या गावातील गल्ली, बोळ, वाड्याचा ओटा, आडोसा या गोष्टी नव्या नकाशात उरल्या नाहीत, असे पुनर्वसनाच्या अभ्यासकांनी नोंदविले आहे. ओटा ही केवळ बसण्याची जागा नव्हती. ती बोलण्याची जागा होती. शेजार बदलला, अंतरे वाढली आणि संध्याकाळी सहज होणारी विचारपूस कमी झाली. घर मिळाले, पण ऐकणारे शेजारी विखुरले.

मुलांच्या बाबतीत तर हे स्थित्यंतर आणखी तीव्र होते. भारतीय जैन संघटनेने लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील सुमारे १,२०० भूकंपग्रस्त मुलांना शिक्षणासाठी पुण्यास नेले. त्यांच्या शिक्षणाची सोय झाली, हे उपकारक कार्य होते. परंतु आई-वडील, गाव आणि बोली या तिन्हींपासून एकाच वेळी दूर जाणे ही बालवयातील असामान्य घटना होती. ही पिढी आज चाळिशीच्या आसपास आहे. त्यांचीच मुले आता महाविद्यालयांच्या वर्गांत बसली आहेत.

संवाद सहायक : गावातील ऐकणाऱ्या स्त्रिया

या कार्यक्रमातील एक अंग मानसिक आधाराच्या इतिहासात महत्त्वाचे आहे. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या माध्यमातून गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून जोडण्यात आले. घरदुरुस्तीची माहिती देणे, लोकांच्या अडचणी अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचविणे हे त्यांचे काम होते. ‘समुपदेशक’ हे नाव त्यांना कोणी दिले नव्हते. परंतु दारोदार जाऊन ‘तुमच्या घराचे कुठवर आले?’ असे विचारणाऱ्या स्त्रीला उत्तरात केवळ सिमेंटच्या पोत्यांचा हिशेब मिळत नाही. घराच्या गोष्टीतून घरातील माणसांची गोष्ट निघतेच.

२६ जानेवारी २००१ रोजी गुजरातेत भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबाद भागातील अशा स्त्रिया तेथील भूकंपग्रस्त स्त्रियांना भेटावयास गेल्या. भाषा वेगळी होती, प्रांत वेगळा होता. पण ‘आमचेही असेच झाले होते’ हे वाक्य त्या अधिकाराने म्हणू शकत होत्या. अनुभवी समुपदेशक कोणास म्हणावे, या प्रश्नाचे एक उत्तर या भेटीत सापडते. अनुभव म्हणजे केवळ पदवीनंतरची वर्षे नव्हेत. दुःखातून गेलेल्या माणसाने कमावलेली समजही त्यात येते. अर्थात ही समज प्रशिक्षणाला पर्याय नाही. दोहोंचा मेळ पडला तरच आधार परिणामकारक होतो. गोव्यात ‘संगत’ संस्थेने केलेल्या ‘मानस’ या अभ्यासातून २०१० मध्ये हीच बाब शास्त्रीय पद्धतीने पुढे आली. योग्य प्रशिक्षण व तज्ज्ञांची देखरेख मिळाल्यास वैद्यकीय पदवी नसलेले स्थानिक आरोग्य समुपदेशकही प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्य व चिंता यांनी त्रस्त रुग्णांना उपयुक्त मदत करू शकतात, हे त्यातून दिसून आले.

दूरस्थ सल्ल्याची मराठी पूर्वपीठिका

समोरासमोर न भेटता सल्ला मिळणे ही कल्पना इंटरनेटने आणलेली नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये सुरू केलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून वाचकांच्या अत्यंत खाजगी प्रश्नांना उत्तरे दिली जात. घरात, वैद्यापाशी वा मित्रापाशी जे विचारता येत नव्हते, ते वाचक पत्रातून विचारीत. अशा उत्तरांवरूनच १९३४ मध्ये कर्वे यांच्यावर खटला चालला आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी न्यायालयात त्यांची बाजू मांडली. पुढे मुंबईतील मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी अमेरिकेतील अल्बर्ट एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून विवेकनिष्ठ उपचारपद्धती आत्मसात केली व महाराष्ट्रात रुजविली. म्हणजे उपचारपद्धतीही टपालाने येऊ शकली.

दूरध्वनीवरून मानसिक आधार देण्याची चळवळ लंडन येथे १९५३ मध्ये चॅड व्हारा यांनी सुरू केलेल्या ‘समॅरिटन्स’पासून जगभर पसरली. महाराष्ट्रात ठाणे येथे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये स्थापन केलेल्या मानसिक आरोग्य संस्थेनेही ‘मैत्र’ या दूरध्वनी सेवेद्वारे हा मार्ग मराठी माणसापर्यंत आणला. या सर्व उदाहरणांत एक समान सूत्र आहे. समोरची व्यक्ती आपल्या गावातील नाही, हाच अनेकदा बोलण्याचा आधार ठरतो. लहान गावात सर्व जण सर्वांना ओळखतात. तेथे ‘लोक काय म्हणतील’ ही भीती मोठी असते. अंतर हा जसा अडथळा आहे, तसा तो आडोसाही आहे.

शेतीचे संकट आणि शासकीय प्रयत्न

भूकंपाच्या आठवणी मावळण्यापूर्वीच मराठवाड्यावर अवर्षण आणि कर्जबाजारीपणाचे संकट कोसळले. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्य शासनाने २०१५ मध्ये उस्मानाबाद व यवतमाळ या दोन जिल्ह्यांत प्रायोगिक तत्त्वावर ‘बळीराजा चेतना अभियान’ हाती घेतले. त्याच सुमारास आरोग्य विभागाच्या ‘प्रेरणा’ प्रकल्पातून आशा कार्यकर्तींमार्फत तणावग्रस्त शेतकरी कुटुंबांचा शोध, समुपदेशन व १०४ या क्रमांकावर दूरध्वनी मदत अशी साखळी योजण्यात आली. दारात येणारी ओळखीची स्त्री आणि फोनवरचा अनोळखी तज्ज्ञ यांना जोडण्याचा हा प्रयत्न होता. १९९० च्या दशकातील संवाद सहायकांचे काम व नव्या काळातील दूरस्थ सेवा यांची सांगड त्यात दिसते.

ऑनलाइन समुपदेशनाचा टप्पा

टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे नाव या जिल्ह्याला नवे नाही. तिचे ग्रामीण परिसर-केंद्र १९८६ पासून तुळजापूर येथे आहे आणि भूकंपानंतरच्या सर्वेक्षणांतही या संस्थेचा सहभाग होता. याच संस्थेने २०१२ मध्ये मुंबईहून ‘आयकॉल’ ही सेवा सुरू केली. प्रशिक्षित समुपदेशक दूरध्वनी, ई-मेल व लेखी संवादाद्वारे मदत करतात, असे तिचे स्वरूप आहे. १९९३ नंतर जी संस्था वही-पेन्सिल घेऊन गावात आली होती, तिचाच आवाज आता मोबाइलवरून येऊ लागला.

२५ मार्च २०२० रोजी केंद्र शासनाने दूरस्थ वैद्यकीय सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि टाळेबंदीच्या काळात पडद्यावरील भेट ही नित्याची बाब झाली. १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेलिमानस’ हा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १४४१६ या क्रमांकावर मराठीसह विविध भारतीय भाषांत विनामूल्य मदत उपलब्ध आहे. सास्तूरमधील विद्यार्थी, नवविवाहिता, निवृत्त शिक्षक किंवा कर्जाने खचलेला शेतकरी, यांपैकी कोणासही प्रवास, मजुरीचा खाडा व दवाखान्याच्या पायरीवर ओळखीचे कोणी भेटण्याची धास्ती यांविना प्रथम संवाद साधता येतो. तणाव अनावर होण्यापूर्वीच्या अवस्थेत, म्हणजे नोकरी बदलणे, परगावी शिक्षणास जाणे, विवाह, वैधव्य, निवृत्ती अशा स्थित्यंतरांच्या वेळी, ही सोय विशेष उपयुक्त ठरते.

मर्यादा

पहिली मर्यादा भाषेची आहे. मराठवाड्यातील व्यक्ती ‘मला नैराश्य आले आहे’ असे क्वचितच म्हणते. ‘जीव घाबरा होतो’, ‘कशात मन लागत नाही’, ‘डोक्याला मुंग्या येतात’, ‘झोप नाही’ अशा शरीराच्या भाषेत ती बोलते. दूरच्या समुपदेशकास प्रमाण मराठी येणे पुरेसे नाही. या बोलीमागील अर्थ कळणे आवश्यक आहे.

दुसरी मर्यादा एकांताची. अनेक घरांत मोबाइल घरातील पुरुषाच्या खिशात असतो. दोन खोल्यांच्या पुनर्वसित घरात सुनेला वा तरुण मुलीला अर्धा तास मोकळेपणाने बोलावयाचे झाल्यास जागा कोणती, हा प्रश्न तंत्रज्ञानाने सुटत नाही.

तिसरी मर्यादा पात्रतेची. २०२० ची मार्गदर्शक तत्त्वे नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकांसाठी आहेत. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषद करते. इतर समुपदेशकांना नियमनाच्या कक्षेत आणण्याची तरतूद २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायविषयक कायद्याने केली. त्यामुळे जाहिरातीतील ‘अनुभवी’ या विशेषणावर विसंबून न राहता शिक्षण, देखरेख व गोपनीयतेची हमी यांची चौकशी करणे, हे मदत घेणाऱ्याचे व त्यास मदत सुचविणाऱ्याचेही कर्तव्य ठरते. तसेच आत्महत्येचे विचार वा तीव्र मानसिक आजार असल्यास दूरस्थ संवादावर न थांबता प्रत्यक्ष वैद्यकीय उपचार मिळवून देणे अत्यावश्यक आहे.

निष्कर्ष

सास्तूर परिसराच्या तीन दशकांहून अधिक काळाच्या इतिहासावरून पुढील निष्कर्ष निघतात. भूकंपाने केवळ घरे नव्हे, तर सांत्वनाची पारंपरिक व्यवस्थाही पाडली. पुनर्वसनाने घरे पुन्हा उभी केली. ऐकून घेण्याची व्यवस्था मात्र प्रकल्पांच्या मुदतीवर अवलंबून राहिली. ऑनलाइन समुपदेशनाने अंतराचा प्रश्न बऱ्याच अंशी सोडविला आहे. सातत्याचा प्रश्न त्याने आपोआप सुटत नाही. प्रत्येक वेळी नवा आवाज आणि प्रत्येक वेळी पहिल्यापासून सांगावयाची कहाणी, असे झाल्यास १९९० च्या दशकातील चूकच नव्या साधनाने पुन्हा घडेल. म्हणून एकाच व्यक्तीशी पुन:पुन्हा बोलता येण्याची सोय आणि गावात त्या संवादाला जोडून घेणारी आशा कार्यकर्ती, परिचारिका वा शिक्षक, या दोन गोष्टी अनिवार्य मानाव्या लागतील.

या दृष्टीने ग्रामीण महाविद्यालयांची जबाबदारी स्पष्ट आहे. घर सोडून प्रथमच बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावरील बदल सर्वप्रथम वर्गातील प्राध्यापकास दिसतो. त्याने समुपदेशक व्हावे, अशी अपेक्षा नाही. महाविद्यालयात दार लावता येईल अशी एक खोली, चालू स्थितीतील एक दूरध्वनी, खात्रीच्या सेवांचे क्रमांक आणि ‘पुन्हा बोललास का?’ असे आठवड्याने विचारणारा एक शिक्षक, एवढी व्यवस्था कोणत्याही अनुदानाशिवाय होऊ शकते. सास्तूरच्या परिसरात १९९३ च्या पहाटेनंतर वर्षानुवर्षे उणीव भासली ती अशा पुन्हा विचारणाऱ्या माणसाचीच.